स्टुटगार्टचा पगार, सोलापूरचे घर आणि खर्च-तुलनेचे संकेतस्थळ: एक परीक्षण

परदेशातील नोकरीचे पत्र हाती पडले की आपल्याकडे पहिला हिशोब तोंडी होतो. युरोला शंभर रुपये धरायचे, आकड्यापुढे दोन शून्ये लावायची आणि चार हजार युरो म्हणजे महिन्याला चार लाख, असे सांगत पेढे वाटायचे. दुसरा हिशोब रात्री मोबाइलवर होतो आणि तो बहुतेक वेळा ‘नंबिओ’ या संकेतस्थळावर होतो, कारण दोन शहरांची नावे टाकून राहणीमानाच्या खर्चाची तुलना विनामूल्य मिळण्याची तीच सर्वांत परिचित जागा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून सोलापूरसारख्या शहरातही हा दुसरा हिशोब करणाऱ्यांची संख्या वाढली असून, माझ्या करसल्ल्याच्या कार्यालयात प्राप्तिकराच्या विवरणपत्राबरोबर ‘तिकडे गेल्यावर परवडेल का’ हा प्रश्नही येऊ लागला आहे. यंदा तो प्रश्न घरातूनच आला. चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात देखभाल विभागात अभियंता असलेल्या माझ्या भाच्याला स्टुटगार्टजवळच्या कंपनीकडून महिना चार हजार युरोंचे, अर्थात कपातीपूर्वीच्या पगाराचे, पत्र आले. त्या निमित्ताने हे संकेतस्थळ बारकाईने वापरून पाहिले आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, याविषयी माझे मत येथे मांडत आहे.

२००९ साली सर्बियातील म्लादेन आदामोविच या माजी गूगल अभियंत्याने हे संकेतस्थळ सुरू केले. त्याची कार्यपद्धती सोपी आहे: जगभरातील वाचक आपापल्या शहरातील दुधाचा, भाड्याचा, बसच्या पासचा भाव नोंदवतात, त्या नोंदी चाळून सरासरी काढली जाते आणि न्यूयॉर्क शहराला १०० धरून इतर शहरांचा निर्देशांक ठरतो. या पद्धतीला कोणी कितीही नावे ठेवोत, तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. प्रत्येक शहराच्या पानावर किती जणांनी किती नोंदी केल्या हे दिलेले असते आणि प्रत्येक वस्तूच्या सरासरीशेजारी भावाची खालची व वरची मर्यादा छापलेली असते. माझ्या मते संपूर्ण पानावरील सर्वांत उपयुक्त रकाना हाच आहे, आणि नेमके त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. भाड्याची सरासरी पाहून निश्चिंत झालेल्या माणसाने शेजारची वरची मर्यादा पाहिली, तर त्याची झोप निदान वेळेवर उडेल. लहान शहरांच्या बाबतीत नोंदी स्वाभाविकच कमी असतात, म्हणून अनेक जण सोलापूरऐवजी पुणे टाकून तुलना करतात. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यासाठी ते ठीक आहे, परंतु जुळे सोलापुरात वडिलांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्याचा खर्च कोथरूडच्या भाड्याने मोजला, तर सुरुवातीलाच आपण चुकीच्या घराचा हिशोब मांडत असतो.

वस्तूंची यादी पाहताना माझी बहीण शेजारी बसली होती. दूध, पाव, तांदूळ, अंडी, चीज, कोंबडीचे मांस, गोमांस किंवा तत्सम लाल मांस, सफरचंद, केळी, संत्री, टोमॅटो, बटाटे, कांदे, लेट्यूस, पाण्याची बाटली, वाइन, बिअर आणि सिगारेट असा तो किराणा आहे. तिने चष्मा वर करून यादी दोनदा खालपर्यंत सरकवली आणि म्हणाली, “दादा, यात डाळ नाही, गोडंतेल नाही, साखर नाही, चहापत्ती नाही. बिअर मात्र आहे बघ.” हा आक्षेप विनोदी वाटला तरी मूलभूत आहे. ज्या घरात महिन्याच्या किराण्याची पिशवी ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे आणि तेल यांनीच जड होते, त्या घराचा खर्च लेट्यूस आणि वाइनच्या भावावरून काढता येत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी आमच्याकडे पोत्याने येते. जर्मनीत ज्वारीचे पीठ भारतीय किंवा आशियाई दुकानात लहान पाकिटात मिळते आणि किलोमागे इथल्या कित्येक पट पडते. म्हणजे तिकडे गेलेल्या कुटुंबाने रोज भाकरीच खायची म्हटली, तर त्याचा खर्च संकेतस्थळाच्या अंदाजापेक्षा वाढतो आणि स्थानिक पाव, बटाटे, दूध-दही यांवर भागवले तर तो बराच उतरतो. हा फरक कुटुंबाच्या जिभेवर अवलंबून आहे आणि कोणत्याही निर्देशांकाला ती जीभ नाही.

यादीचा दुसरा दोष असा की, वस्तूंचे भाव आणि माणसाच्या श्रमाचे भाव एकाच टोपलीत टाकले जातात. लिटरभर दूध सोलापुरात साठ रुपयांच्या आसपास आणि जर्मनीतील स्वस्त साखळी दुकानात साधारण एका युरोला मिळते. फरक दुपटीच्याही आत आहे. केस कापायला मात्र तिकडे पंचवीस-तीस युरो सहज लागतात, म्हणजे आपल्याकडच्या साध्या दुकानातील दराच्या वीस-पंचवीस पट. कारण उघड आहे. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि ज्या ज्या गोष्टीला माणसाचा हात लागतो ती ती गोष्ट त्या दराने महाग होते: नळ दुरुस्त करणारा, सामान वर चढवणारा, उपाहारगृहात ताट आणून देणारा. सोलापुरातील मध्यमवर्गीय कुटुंब धुण्याभांड्याला बाई ठेवते, लग्नकार्याला आचारी बोलावते, मोटार बिघडली तर कोपऱ्यावरच्या वायरमनला फोन करते. हे सर्व श्रम तिकडे गेल्यावर स्वतःच्या अंगावर येतात आणि म्हणून खर्चाच्या वहीत दिसत नाहीत. ते संध्याकाळच्या थकव्यात दिसतात. ज्याला स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय आहे त्याला जर्मनी संकेतस्थळ सांगते तितका महाग पडत नाही, हे मी हिशोबाअंती सांगू शकतो.

उलट बाजूने पाहिले तर सोलापूरचेही काही खर्च त्या यादीत नाहीत. नळाला रोज पाणी येत नसल्याने टाकी, मोटार, बोअर आणि उन्हाळ्यात प्रसंगी टँकर, एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस अंशांत चालणाऱ्या कूलरचे वीजबिल, मुलांच्या शिकवण्या आणि खासगी शाळेची फी, आईवडिलांच्या आजारपणाची तरतूद या बाबी आपण ‘घरचा खर्च’ म्हणून सवयीने विसरतो.

आता पानाच्या शिरोभागी ठळक अक्षरांत येणाऱ्या वाक्याकडे वळू, कारण बहुतेक निर्णय त्याच वाक्यावर होतात. अमुक शहरातील अमुक रुपयांत जे राहणीमान लाभते, तेच दुसऱ्या शहरात राखण्यासाठी इतके युरो लागतील, असे ते वाक्य असते. त्याला जोडून दोन गृहीतके दिलेली असतात: दोन्ही शहरांत आपण भाड्याने राहता आणि दोन्ही रकमा प्राप्तिकर वजा जाता हाती येणाऱ्या आहेत. संकेतस्थळाने ही गृहीतके लपवलेली नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु सोलापूरकराच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके एकाच वेळी मोडतात. येथे घर स्वतःचे आहे आणि हातातील पत्रावर छापलेला पगार कपातीपूर्वीचा आहे. भाच्याने चार हजारांचा आकडा थेट त्या वाक्याशी ताडून पाहिला, तेव्हा त्याला वाटलेला आनंद हा मुख्यतः या दोन ओळी न वाचल्याचा आनंद होता.

कपातीचा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण तो माझ्या कामाचा आहे. जर्मनीत निवृत्तिवेतन विम्याचा हप्ता पगाराच्या १८.६ टक्के, आरोग्य विम्याचा १४.६ टक्के अधिक विमा संस्थेनुसार बदलणारी वाढ, बेरोजगारी विम्याचा २.६ टक्के आणि शुश्रूषा विम्याचा वेगळा असतो. यातील साधारण निम्मा वाटा कंपनी भरते आणि निम्मा कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो. म्हणजे प्राप्तिकराच्या आधीच पगाराचा एक पंचमांशाहून अधिक भाग निघून जातो. त्यानंतर कर. तो भरताना माणूस एकटा आहे की पत्नीसह जर्मनीत राहतो, यावर कराचा वर्ग ठरतो. चार हजारांच्या पगारावर एकट्या माणसाच्या हाती सुमारे २,६०० युरो येतात. पत्नी तिथेच राहत असून तिला मिळकत नसेल, तर तिसऱ्या वर्गात हाच आकडा २,९०० ते २,९५० च्या घरात जातो. ‘तू आधी जा, सहा महिन्यांनी बायकामुलांना ने’ हा आपल्याकडचा वडीलधारा सल्ला म्हणूनच तितकासा काटकसरीचा नाही, कारण त्या काळात कर जास्त आणि चुली दोन. कपातीच्या बदल्यात काय मिळते, तेही मांडले पाहिजे. सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय समाविष्ट होतात, सरकारी शाळेला फी नाही आणि प्रत्येक मुलामागे जानेवारी २०२६ पासून महिना २५९ युरो बालभत्ता मिळतो. संकेतस्थळाच्या यादीत मात्र आंतरराष्ट्रीय शाळेची वार्षिक फी आहे, जिच्याशी आमच्या भाच्यासारख्यांचा काडीचा संबंध नाही. आणि बालभत्त्याचा रकाना तेथे नाही.

भाड्याच्या बाबतीत आकडे बरेच विश्वसनीय वाटले, तरी एका महिन्याचे भाडे आणि घरात राहायला जाण्याचा खर्च या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत अनेकदा हीटिंग आणि इमारतीचा देखभाल खर्च वगळून भाडे दिलेले असते. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळे असते आणि वर्षाअखेरीस हीटिंग व पाण्याच्या प्रत्यक्ष वापराचा हिशोब होऊन फरकाचे बिल येऊ शकते. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तीनपटीपर्यंत रक्कम घेता येते. शिवाय रिकामे घर म्हणजे तिकडे खरोखरच रिकामे घर असू शकते: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, छतातून बाहेर आलेल्या वायरींना दिव्याचे होल्डरही नाहीत. स्वयंपाकघराची मांडणी आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यावी लागते किंवा नवी बसवावी लागते. त्याखेरीज टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावे लागते. हे कोणत्याही तुलनेत ठळकपणे दिसत नाही, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत जास्त रडवते ते हेच.

भाव जुने होण्याचा प्रश्नही आहे. देशभरातील स्थानिक रेल्वे आणि बससाठी चालणारे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले. वाचकांच्या नोंदींवर चालणाऱ्या कोणत्याही सरासरीत जुन्या दराचे अवशेष काही काळ राहणारच. म्हणून ज्या वस्तूचा दर सरकार ठरवते, ती संकेतस्थळावर शोधण्यात अर्थ नाही.

या सर्वांपेक्षा माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. हे संकेतस्थळ विचारते की, तेच राहणीमान राखायला किती लागेल. सोलापूरहून निघालेल्या माणसाचा प्रश्न तो नसतो. त्याला महिन्याच्या शेवटी किती उरेल आणि उरलेले इथे आणल्यावर त्याचे काय होईल, हे हवे असते. येथे युरोचे दोन भाव होतात. जागतिक बँकेच्या समन्वयाने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०२१ च्या फेरीचे निकाल मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार अमेरिकेत एक डॉलर जे विकत घेतो, ते भारतात सुमारे वीस रुपयांत मिळत होते, जरी त्या वर्षी बाजारात डॉलरला सुमारे ७४ रुपये मोजावे लागत होते. त्याच आकड्यांवरून जर्मनीत खर्च केलेला युरो आपल्याकडच्या सुमारे अठ्ठावीस रुपयांइतके काम करतो. परंतु न खर्च करता वाचवलेला आणि गावाकडे पाठवलेला युरो पूर्ण शंभर रुपयांचे काम करतो. खर्चाचा युरो अठ्ठावीसचा, शिलकीचा युरो शंभरचा. एका टक्केवारीत हे दोन्ही भाव मावत नाहीत.

आमच्या घरचाच हिशोब मांडतो. भाच्याचे येथील हाती येणारे वेतन पंचावन्न हजार, भाचेसूनबाईंचे खासगी शाळेतील वीस हजार, घर स्वतःचे, नातवाला सांभाळायला आजी घरात, आणि महिन्याला पंचवीस हजार शिल्लक. स्टुटगार्टमध्ये तिसऱ्या वर्गातील पगार आणि बालभत्ता मिळून ३,२०० युरोंच्या आसपास येतील. दोन खोल्यांचे घर हीटिंगसह १,३००, वीज-इंटरनेट-प्रसारण शुल्क १४०, दोघांची मासिक तिकिटे १२६, किराणा ५००, बालवाडी सुमारे २००, फोन, कपडे, औषध आणि इतर २५० धरले, तर साधारण ६८० युरो उरतात. म्हणजे राहणीमान पाहिले तर हाती आलेले ३,२०० युरो हे अठ्ठावीसच्या भावाने जेमतेम नव्वद हजारांचे कुटुंब चालवतात, त्यातून भाडे वजा केले की सोलापूरच्या पंच्याहत्तर हजारांपेक्षा हात आखडताच राहतो. शिल्लक पाहिली तर पंचवीस हजारांच्या जागी अडुसष्ट हजार. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पेढे वाटणाऱ्यांचे चार लाख मात्र या कागदावर कुठेही सापडत नाहीत. सूनबाईंची वीस हजारांची नोकरी सुटते, ती जमेस धरलेली आहे. जर्मन शिकून त्यांना तिकडे काम मिळाले तर हा हिशोब पूर्ण बदलेल, आणि आजी इथेच राहिल्याने बालवाडीत जागा मिळायला उशीर लागला तर तो उलट्या दिशेने बदलेल.

याच संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज बांधणारे एक स्वतंत्र साधन आहे, ज्यात कुटुंबातील माणसे, बाहेर जेवण्याचे प्रमाण, धूम्रपान, घरभाडे असे पर्याय स्वतः भरता येतात. ठळक वाक्यापेक्षा हे साधन मला अधिक कामाचे वाटले. इतर पर्यायांचा थोडक्यात उल्लेख करतो. ‘एक्सपॅटिस्तान’ याच धर्तीचे आहे. मर्सर या सल्लागार संस्थेची क्रमवारी मुळात कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी असते, त्यामुळे ती आपल्या पोराला लागू करण्यात हशील नाही. १९८६ पासून ‘द इकॉनॉमिस्ट’ प्रसिद्ध करीत असलेला बर्गरच्या किमतीचा निर्देशांक चलनाचा खरा भाव समजायला छान आहे, घर चालवायला नाही. विद्यार्थ्यांसाठी सर्वांत भरवशाचा आकडा जर्मन सरकारनेच देऊन ठेवला आहे: व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो दाखवावे लागतात. एकट्याने काटकसरीने राहायला किमान किती लागते, याविषयी ते सरकारचे लेखी मत समजावे. मात्र स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये खोली घेणाऱ्याने त्यावर थोडी भर घालावी.

माझे गुणांकन असे: वस्तूनिहाय भाव पाहण्यासाठी पाचपैकी चार, दोन भाड्याच्या घरांची तुलना करण्यासाठी साडेतीन, आणि देश सोडावा की नाही हे ठरवण्यासाठी दीड. सेवा विनामूल्य आहे, पान उघडायला वेळ लागत नाही, चलन रुपयांत बदलून पाहता येते आणि भावांची मर्यादा दिसते, एवढ्यावर मी ती प्रत्येकाला वापरायला सांगेन. मराठीत ती उपलब्ध असती आणि यादीत डाळ-तेल असते, तर बहिणीनेही वापरली असती.

निघण्यापूर्वीची एक बाब व्यवहाराची आहे. पहिला पगार बहुधा महिना भरल्यावर हाती येतो आणि घराची अनामत तोवर थांबत नाही. जर्मन कायद्याप्रमाणे भाडेकरूला अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा अधिकार असून, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. भाच्याला मी अनामतीचा पहिला हप्ता, दोन महिन्यांचे भाडे आणि स्वयंपाकघराचे सामान एवढी रक्कम युरोंतच सोबत ठेवायला सांगितले आहे. ती जुळवण्यासाठी ठेव मोडायची की बहिणीने देऊ केलेले पैसे घ्यायचे, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.